पडद्यावरचा गुरू आणि गयानातली निळी वाळवी

गुरुपौर्णिमा जवळ आली की आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पहाटेपासून समया, कमळं आणि सुविचार यांची रांग लागते. यंदा त्यात एक नवा पाहुणा होता : 'स्टार वॉर्स'मधला म्हातारा ओबी-वान केनोबी. खाली मजकूर असा, की गुरू देह ठेवतो तेव्हा तो ऊर्जारूप होतो, ऊर्जा अविनाशी आहे हे विज्ञानानेच सिद्ध केलंय, आणि हे आता हॉलिवूडलाही पटलंय. त्याखाली जोडलेल्या हातांची भलीमोठी माळ.

ज्यांनी सिनेमा पाहिला नाही त्यांच्यासाठी प्रसंग थोडक्यात सांगतो. १९७७च्या पहिल्या चित्रपटात डेथ स्टार नावाच्या अजस्र अवकाशस्थानकावर ओबी-वान आणि त्याचाच जुना शिष्य डार्थ व्हेडर यांचं द्वंद्व चालू असतं. ओबी-वानचा नवा शिष्य, तरुण ल्यूक, आणि त्याचे साथीदार यानापाशी पोचलेत हे म्हातारा डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहतो, तलवार समोर उभी धरतो आणि लढणं थांबवतो. व्हेडर वार करतो. खाली पडतो तो नुसता झगा, आत देह नाहीच. त्या गोंधळात पोरं निसटतात.

आधी ऊर्जेचं निस्तरू. ऊर्जा नष्ट होत नाही हे खरं, पण माणूस मेल्यावर त्याच्या शरीरातली रासायनिक ऊर्जा जिवाणूंच्या पोटात जाते किंवा चितेच्या उष्णतेत. त्या उष्णतेला नाव नसतं, आठवण नसते, उपदेश तर त्याहून नसतो. आणि ओबी-वानचा देह खरोखरच ऊर्जेत बदलला असता तर? सत्तर किलो वस्तुमान, गुणिले प्रकाशवेगाचा वर्ग : साधारण ६.३ गुणिले दहाचा अठरावा घात इतके ज्यूल. हिरोशिमावर पडलेल्या बॉम्बच्या लाखपट. डेथ स्टारला भगदाड पडलं असतं आणि ज्याला वाचवायचं तो ल्यूक सगळ्यात आधी वाफ झाला असता. तेव्हा हा फॉरवर्ड कृपया पुढे ढकलू नये.

पण त्या प्रसंगात एक अस्सल वैज्ञानिक प्रश्न दडलाय. म्हाताऱ्याने तरुणासाठी मरणं, हे निसर्गात कुठे घडतं का? घडतं. आणि तेही वाळवीत.

वाळवी म्हटली की मुंबईकराला पावसाळा आठवतो. पहिल्या सरींनंतर संध्याकाळी ट्यूबलाइटभोवती घिरट्या घालणारे पंखवाले किडे, सकाळी खिडकीखाली गळलेल्या पंखांचा थर. मग एक दिवस कपाट सरकवल्यावर भिंतीवर मातीची बारीक नळी दिसते, चौकट बोटाने दाबली की आत पोकळ, आणि पेस्ट कंट्रोलवाला येऊन फरशीच्या कडेने भोकं पाडून जातो. मी सांगतोय ती वाळवी मात्र आपल्याकडची नव्हे. तिचं नाव निओकॅप्रिटर्मिस टाराकुआ, मुक्काम दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गयानाचं जंगल. २०१२मध्ये चेक आणि बेल्जियन संशोधकांच्या गटाने 'सायन्स' या नियतकालिकात तिची हकिगत छापली, आणि तेव्हापासून मी तिच्या प्रेमात आहे.

या वारुळातल्या काही कामकऱ्यांच्या पाठीवर, छाती आणि पोट जिथे जुळतात तिथे, दोन गडद निळे ठिपके दिसतात. ते ठिपके म्हणजे त्वचेच्या पिशवीत साठलेले स्फटिक, तांबं असलेल्या एका प्रथिनाचे. बाकीच्या कामकऱ्यांच्या पाठी पांढऱ्या. संशोधकांनी दोन्ही गटांचे जबडे मोजले, तेव्हा निळ्या पाठीच्यांच्या जबड्यांची धार झिजलेली निघाली. आयुष्यभर पोखरून पोखरून दात बोथट झालेले, म्हणजे हे म्हातारे. वय वाढतं तशी धार जाते आणि पाठीवरचे खडे मोठे होत जातात.

दुसऱ्या जातीच्या वाळवीने हल्ला केला की हे निळे म्हातारे पुढे सरसावतात, शत्रूला भिडतात आणि अंग फोडून घेतात. ही अलंकारिक भाषा नाही, शरीराची भिंत खरोखर फाटते. आता त्यातली करामत पाहा. स्फटिकातलं प्रथिन हे लॅकेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम आहे. ते एकटं निरुपद्रवी. लाळग्रंथींत साठलेला द्रव वेगळ्या कप्प्यात, तोही एकटा फारसा घातक नाही. अंग फुटलं की दोन्ही एकत्र येतात, विकर त्या द्रवातल्या हायड्रोक्विनोनांचं ऑक्सिडीकरण करतं आणि बेंझोक्विनोन तयार होतात. निकाल : एक चिकट, विषारी थेंब, ज्यात शत्रू अडकतो आणि लुळा पडतो किंवा मरतो. अराल्डाइटच्या दोन ट्यूबा वेगवेगळ्या असतात तोवर काही होत नाही, तसंच हे. संशोधकांनी खातरजमाही झकास केली. निळ्यांच्या पाठीवरचे स्फटिक काढून घेतले तर त्यांच्या थेंबातला जहरीपणा ओसरला. तेच स्फटिक पांढऱ्यांच्या थेंबात मिसळले तर तो थेंब विषारी झाला.

म्हणजे म्हातारपण येईल तसं शस्त्र आपोआप तयार होत जातं, आणि काम उरकत नाही अशा वयात ते पूर्ण भरतं.

हे का टिकलं? याचं गणित विल्यम हॅमिल्टन या जीवशास्त्रज्ञाने १९६४मध्ये मांडलं. मराठीत असं लिहू : न × ल > त. 'न' म्हणजे नातं, अर्थात दोघांत वंशपरंपरेने समान असलेल्या जनुकांचं प्रमाण; 'ल' म्हणजे समोरच्याला होणारा लाभ; 'त' म्हणजे त्याग करणाऱ्याचा तोटा. लाभ-तोटा मोजायचा तो पुढे होऊ शकणाऱ्या संततीत. सख्ख्या भावंडांसाठी 'न' अर्धा, चुलत भावंडांसाठी एक अष्टमांश. जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन, जे १९५७मध्ये इंग्लंड सोडून भारतात आले आणि इथलेच झाले, त्यांच्या नावावर एक विनोद सांगतात : दोन सख्ख्या भावांसाठी किंवा आठ चुलत भावांसाठी मी नदीत उडी मारेन. गणित तेच.

आता यात वय घाला. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशरने १९३०मध्ये प्रजननमूल्य ही कल्पना दिली होती : एखाद्या वयाच्या प्राण्याकडून पुढच्या पिढीत सरासरी किती भर पडायची शिल्लक आहे. कामकरी वाळवी स्वतः प्रजनन करत नाही, त्यामुळे तिची शिल्लक म्हणजे राजा-राणीची पिल्लं, तिची भावंडं, वाढवण्यासाठी ती अजून करू शकेल ते काम. जबडा झिजला की हे काम घटतं, 'त' शून्याकडे सरकतो. तिकडे एका स्फोटाने हल्ला अडला तर अख्खं वारूळ वाचतं, 'ल' प्रचंड. 'न' अर्धाच असला तरी असमता सहज पार होते. (इथे डोकं गरगरलं असेल तर एवढंच धरा : नातं जवळचं, फायदा मोठा आणि मरणाऱ्याकडे उरलेलं थोडं.)

हेच सूत्र ओबी-वानला लावा आणि ते कोसळतं. ल्यूक त्याचा पुतण्या नाही की भाचा नाही. 'न' शून्य, म्हणजे डावी बाजू शून्य. जनुकांच्या हिशेबाने म्हाताऱ्याने मुकाट पळ काढायला हवा होता.

गुरू-शिष्यात जनुकं जात नाहीत, विद्या जाते. म्हणून 'न'च्या जागी मी 'शिष्यात उतरलेला विद्येचा हिस्सा' ठेवून पाहतो. हा माझा खेळ, हॅमिल्टनवर त्याचं खापर नको. जनुकं दर पिढीला निम्मी होतात, विद्या पुरतीच्या पुरती उतरू शकते, म्हणून डावी बाजू एकदम भक्कम होते. मात्र उजवी बाजू उलटी फिरते. वाळवीत म्हातारपणी तोटा घटतो. जिथे म्हाताऱ्यांच्या डोक्यात माहिती साठते तिथे तो वाढत जातो. टांझानियातल्या तरांगिरे उद्यानात १९९३च्या भीषण दुष्काळात नऊ महिन्यांत हत्तींच्या ८१ पिल्लांपैकी १६ दगावली. जे कळप उद्यान सोडून बाहेर गेले त्यांची पिल्लं जास्त तगली, आणि त्या कळपांच्या म्होरक्या हत्तिणी वयाने मोठ्या होत्या. त्याआधीचा तसा दुष्काळ १९५८ ते १९६१चा. तो ज्यांनी पाहिला असेल इतक्या त्या जुन्या होत्या, पाण्याची वाट त्यांना त्यामुळेच ठाऊक असावी असा संशोधकांचा तर्क. अशा हत्तिणीने कुणासाठी उडी घेतली तर कळपाचं दिवाळंच.

म्हणून गुरूचा त्याग हिशेबात बसायला एक अट लागते : विद्येची नक्कल आधी झालेली हवी. महाभारतकारांनी ही अट पाळली. भीष्म दहाव्या दिवशी शरपंजरी पडतात, पण प्राण सोडत नाहीत. उत्तरायणापर्यंत थांबतात आणि त्या मुदतीत युधिष्ठिराला शांतिपर्व आणि अनुशासनपर्व ऐकवतात. ओबी-वानने ल्यूकला किती शिकवलं? यानात, प्रवासात, डोळे झाकून उडत्या गोळ्याचे वार चुकवायचा एक पाठ. एवढ्या भांडवलावर म्हातारा मरतो, हे जीवशास्त्राच्या दृष्टीने सरळ उधळपट्टी आहे.

पटकथाकारालाही ते जाणवलं असावं, कारण पुढे भूत येतं. आधी नुसता आवाज, मग १९८०च्या चित्रपटात बर्फात दिसणारी आकृती, जी ल्यूकला योडा या जुन्याजाणत्या गुरूकडे धाडते, आणि १९८३मध्ये तर हा मृत गुरू ओंडक्यावर बसून राहून गेलेला कौटुंबिक इतिहास समजावतो. व्हॉट्सअ‍ॅपवाल्यांना त्यात अध्यात्म दिसतं. मला अर्धवट राहिलेला अभ्यासक्रम दिसतो. योडाचं बरं, तो नऊशे वर्षं जगून, शेकडो वर्षं शिकवून, अंथरुणात जातो.

भुताची सोय नसली की काय होतं हेही याच मालिकेत आहे. १९९९च्या चित्रपटात ओबी-वानचा गुरू क्वाय-गॉन जिन द्वंद्वात पडतो आणि मरता मरता ओबी-वानकडून वचन घेतो, की अनाकिन नावाच्या पोराला तू शिकव. ओबी-वान स्वतः तोवर शिष्यच, जेमतेम बढती मिळालेला. तो शिकवतो, अनाकिनचा डार्थ व्हेडर होतो. क्वाय-गॉनच्या मरणाचा 'त' मांडायचा तर त्यात २००५च्या चित्रपटात या अनाकिनने कापलेली जेडाय, म्हणजे या गुरुपंथाच्या, मंदिरातली शिकाऊ पोरं धरावी लागतील, आणि यादीत सगळ्यात शेवटी, रिकाम्या झग्यासकट, खुद्द ओबी-वान.