ओव्हन नको, पाणीही नको : घरी चॉकलेटचा खाऊ करणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

चॉकलेटची स्लॅब हातात घेऊन गिऱ्हाईक हमखास विचारते, "आमच्याकडे ओव्हन नाही, चालेल का?" चालेल. या पत्रकातल्या एकाही पदार्थाला ओव्हन लागत नाही. एक कढई, एक खोल पातेले, त्याच्या तोंडावर नीट बसणारे स्टीलचे भांडे, कोरडा चमचा आणि थोडा वेळ फ्रिज, एवढ्यावर सगळे होते. अडचण येते ती पाण्याची. वितळवताना चॉकलेट दगडासारखे झाले, साच्यातून निघेना, वर पांढरे डाग आले, अशा ज्या तक्रारी आमच्याकडे येतात, त्यांच्या मुळाशी बहुतेक वेळा ओल किंवा जास्तीची आच असते. म्हणून कृतींच्या आधी थोडे चॉकलेटबद्दल वाचा. ते समजले की कृती तुम्ही स्वतःच्या मनाने बदलू शकाल.

कंपाउंड घ्यायचे की खरे चॉकलेट?

कोकोच्या बिया आंबवून, वाळवून, भाजून दळल्या की त्यांचा घट्ट लगदा होतो. तो दाबला की कोको बटर वेगळे निघते आणि उरलेल्या पेंडीची कोको पावडर होते. खऱ्या चॉकलेटमधला स्निग्धांश म्हणजे हे कोको बटर. कंपाउंडमध्ये त्याच्या जागी वनस्पती तेलापासून केलेली चरबी असते आणि चव कोको पावडरची असते. पाकिटामागची घटकांची यादी वाचली की हातातला माल कोणता ते लगेच कळते.

घरी पहिल्यांदा करणाऱ्याला आम्ही कंपाउंडच देतो. ते वितळवा, ओता, थंड करा, की आपोआप चकचकीत घट्ट होते. खऱ्या चॉकलेटचे तसे नाही. कोको बटर सहा वेगवेगळ्या प्रकारांनी गोठू शकते, आणि त्यातल्या एकाच प्रकाराने ती चमक आणि मोडताना येणारा 'टक्' आवाज मिळतो. तो साधायला तापमान सांभाळावे लागते. चवीत मात्र खऱ्या चॉकलेटची बरोबरी होत नाही, हे दुकानदार म्हणूनही आम्ही मोकळेपणाने सांगतो. कोको बटर साधारण ३४ अंशाला वितळते, म्हणजे अंगाच्या उष्णतेपेक्षा जरा कमी. म्हणून ते जिभेवर ठेवले की विरघळते आणि कंपाउंड तोंडात थोडे तेलकट राहते. हात बसला की एकदा खरे वापरून बघा.

कोको काही फक्त परदेशातूनच येत नाही. आपल्याच कर्नाटकात दक्षिण कन्नड जिल्ह्यात सुपारीच्या बागांमध्ये कोकोचे आंतरपीक घेतात, आणि पुत्तूरला कॅम्पको या शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेचा चॉकलेट कारखाना १९८६ पासून आहे.

वितळवणे : इथे घाई करू नका

पातेल्यात दोन बोटे पाणी घ्या, उकळी आली की गॅस बंद करा, आणि मग चॉकलेटचे भांडे वर ठेवा. भांड्याचा तळ पाण्याला टेकता कामा नये, आणि कडेने वाफ बाहेर येणार नाही असे ते घट्ट बसले पाहिजे. वाफ म्हणजे पाणीच. स्लॅबचे सुरीने बारीक तुकडे केलेले असले की त्या वाफेच्या उष्णतेवर चार-पाच मिनिटांत सगळे सैल होते. मोठे ढेकूळ टाकले तर बाहेरचे जळते आणि आतले कच्चे राहते. मायक्रोवेव्ह असेल तर ३० सेकंद चालवा, बाहेर काढून ढवळा, परत ३० सेकंद. तुकड्यांचा आकार तसाच दिसतो म्हणून वितळले नाही असे समजू नका, चमचा फिरवून बघा. डार्क ५० अंशांपुढे आणि मिल्क किंवा व्हाइट ४५ अंशांपुढे नेऊ नये. दुधाचा अंश असलेले लवकर करपते.

आता पाण्याचे. वितळलेल्या चॉकलेटमध्ये साखरेचे आणि कोकोचे कोरडे कण चरबीत तरंगत असतात. त्यात दोन थेंब पाणी पडले की साखर चिकट होते, कण एकमेकांना धरतात आणि क्षणात सगळ्याचा रवाळ गोळा होतो. धुतलेला चमचा नीट पुसला नाही, झाकणावरची वाफ आत ठिबकली, बोटे ओली होती, एवढे पुरते. केकमध्ये घालायचा पाण्यातला रंगही चॉकलेटला चालत नाही. तेलातला किंवा पावडरचा रंग मागा. इसेन्सही तेलातलाच घ्या.

गोळा झालाच तर टाकून देऊ नका. तो साच्यात ओतता येणार नाही, पण त्यात गरम दूध किंवा क्रीम चमच्याचमच्याने घालत ढवळा. थोडे पाणी चॉकलेट बिघडवते, पुरेसा ओलावा त्याला पुन्हा सैल करतो. त्याचा सुरेख सॉस होतो. तो केकवर, आइस्क्रीमवर किंवा मुलांच्या दुधात वापरा. नुसते दाटसर झाले असेल, रवाळ नसेल, तर चमचाभर वास नसलेले तेल घातले तरी भागते.

चॉकलेट चिरमुरे

आपल्या भागासाठी सुरुवातीला हाच पदार्थ आम्ही सांगतो, कारण चिरमुरे प्रत्येक घरात असतात आणि बिघडण्यासारखे फारसे काही नाही. २०० ग्रॅम डार्क कंपाउंडला ४० ते ५० ग्रॅम चिरमुरे आणि ५० ग्रॅम खारे शेंगदाणे घ्या. भडंगाला घेता तेच चिरमुरे चालतात, फक्त फार खारट नकोत. मंद आचेवर कढईत कुरकुरीत होईपर्यंत परता आणि पूर्ण गार होऊ द्या. ही पायरी पावसाळ्यात चुकवू नका. खानापूरकडे जूनपासून हवेत जी ओल असते, तिच्यात डब्यातले चिरमुरेसुद्धा सादळतात, आणि सादळलेला चिरमुरा चॉकलेटात गेला की चिवट लागतो.

वितळलेले चॉकलेट दोन मिनिटे निवू द्या, मग चिरमुरे-दाणे घालून हलक्या हाताने कालवा. बटर पेपरवर चमच्याने छोटे ढीग घाला. १५ मिनिटे फ्रिजमध्ये, झाले. दाण्यांतले मीठ डार्कचा कडवटपणा खुलवते, म्हणून इथे मिल्क कंपाउंड आम्ही सुचवत नाही, फार गोड होते. दाण्यांऐवजी खानापूर-चंदगडकडचा भाजलेला काजू घातला तर भेट द्यायच्या डब्यात शोभेल असा खाऊ होतो. काजू भाजून गार केलेलाच हवा.

कोरड्या हवेत घट्ट झाकणाच्या डब्यात हे आठ-दहा दिवस चांगले राहतात.

बिस्किटांचा रोल

यात वितळलेले चॉकलेट नाही, कोको पावडर आहे, त्यामुळे दूध चालते. २०० ग्रॅम मारी बिस्किटांचा बारीक चुरा, तीन मोठे चमचे कोको, तीन चमचे पिठीसाखर, ५० ग्रॅम मऊ लोणी आणि लागेल तसे थोडेथोडे दूध घालून चपातीच्या कणकेसारखा गोळा मळा. दूध एकदम ओतू नका, बिस्किटे ते सावकाश शोषतात. पाच मिनिटे थांबून मगच आणखी हवे का ते ठरवा. दुसरीकडे ५० ग्रॅम सुक्या खोबऱ्याचा बारीक कीस, ५० ग्रॅम पिठीसाखर आणि ४० ग्रॅम लोणी एकत्र फेसा. बटर पेपरवर गोळा लाटा, वर पांढरे मिश्रण पसरा, कागदाच्या आधाराने घट्ट गुंडाळी करा आणि दोन तास फ्रिजमध्ये ठेवा. कापताना सुरी गरम पाण्यात बुडवून पुसून घ्या, म्हणजे चकत्यांचे वेटोळे स्पष्ट दिसते. चार-पाच दिवसांत संपवा.

गणपतीला चॉकलेट मोदक

साच्याच्या आतून वितळलेल्या कंपाउंडचा हात फिरवा, पाच मिनिटे फ्रिजमध्ये ठेवा, दुसरा हात द्या. मग भाजलेले सुके खोबरे आणि बारीक चिरलेला खजूर यांचे सारण भरून खालचे तोंड चॉकलेटने बंद करा. ओल्या नारळाचे सारण घरोघरी आवडते हे खरे, पण त्यातल्या पाण्याने कवच आतून मऊ पडते, आणि असे मोदक त्याच दिवशी संपवावे लागतात. साचा पारदर्शक असेल तर बाहेरून बघा. चॉकलेट सुटले की तो भाग धुरकट दिसतो, तोवर ओढू नका. साचे घासणीने घासू नयेत. ओरखडा पडला की मोदकावर चमक येत नाही. कोमट पाण्याने धुऊन मऊ कापडाने पुसा आणि रात्रभर वाळू द्या.

करदंट आणि कुंदा

गोकाकचा करदंट चॉकलेटसाठी जणू तयारच असतो. गूळ, डिंक, खोबरे, सुका मेवा, सगळे आत आहेच. त्याचे लहान तुकडे करून अर्धे डार्क कंपाउंडमध्ये बुडवा आणि बटर पेपरवर ठेवा. गुळाचा खमंगपणा आणि कोकोचा कडवटपणा एकत्र फार छान लागतो. आमच्या मते विकतच्या भारी चॉकलेटांपेक्षा पाहुण्यांपुढे ठेवायला हे अधिक आपले आहे.

बेळगावच्या कुंद्याचे लहान गोळे गार करून चॉकलेटमध्ये बुडवता येतात, पण कुंदा दुधाचा आणि ओलसर असतो. गोळ्यांचा वरचा भाग आधी फ्रिजमध्ये कोरडा पडू द्या, चॉकलेट डार्कच घ्या, आणि फ्रिजमध्ये ठेवून दोन दिवसांत संपवा.

खजुराचे लाडू चॉकलेटात बुडवून "शुगर फ्री" म्हणून देता येतील का, असे बरेच जण विचारतात. वरून साखर घातलेली नाही एवढेच खरे. खजुरात स्वतःची साखर भरपूर असते आणि कंपाउंडमध्येही असते. घरात मधुमेह असेल तर हा खाऊ मोजूनच द्यावा.

ट्रफल

२०० ग्रॅम डार्क चॉकलेटला १०० मिली फ्रेश क्रीम. क्रीम कडेने बुडबुडे येईपर्यंतच तापवा, उकळू नका. बारीक केलेल्या चॉकलेटवर ओता, दोन मिनिटे हात लावू नका, मग मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला ढवळत जा. फ्रिजमध्ये घट्ट झाले की गोळे करून कोको पावडरमध्ये घोळवा. पाकिटातल्या क्रीमऐवजी घरची साय घातली तर गुठळ्या राहतात आणि तूप वेगळे होते. हा पदार्थ फ्रिजमध्येच ठेवायचा आणि चार-पाच दिवसांत संपवायचा.

खरे चॉकलेट वापरणार असाल तर

हिवाळा निवडा. डिसेंबर-जानेवारीत बेळगावची हवा या कामाला फार सोयीची असते. डार्कचे दोन भाग ४५ ते ५० अंशांपर्यंत वितळवा, खाली उतरवा, उरलेला एक भाग बारीक करून त्यात थोडाथोडा टाकत ढवळा. २७-२८ अंशांवर आले की परत किंचित गरम करून ३१-३२ वर आणा आणि लगेच वापरा. मिल्कसाठी शेवटचा आकडा २९-३० धरा. साधा डिजिटल थर्मामीटर घेतलात तर अंदाजाने होणारे नुकसान वाचेल. सुरीच्या पात्याला थोडे लावून बघा, पाच-सात मिनिटांत चमकदार घट्ट झाले तर जमले.

डाग, उन्हाळा आणि फ्रिज

चॉकलेटवर पांढुरकी झाक दिसली की बुरशी आली असे वाटते. बहुतेक वेळा ती बुरशी नसते. उष्णतेने चरबी वर येऊन गोठते किंवा ओलीने साखर विरघळून पुन्हा सुकते, त्याचा तो थर असतो. दिसायला वाईट, खायला चालते. केसाळ वाढ किंवा कुबट वास असेल तर मात्र टाकून द्या.

एप्रिल-मे मध्ये अथणी, चिकोडी, निपाणीकडे दुपारच्या स्वयंपाकघरात खरे चॉकलेट टिकत नाही. त्या दिवसांत काम सकाळी लवकर उरका. फ्रिजमध्ये डबा घट्ट बंद करून ठेवा, नाहीतर चिरलेल्या कांद्याचा वास चॉकलेट ओढून घेते. बाहेर काढल्यावर डबा लगेच उघडू नका. खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर हवेतली ओल थंड चॉकलेटवर धरते. पाऊण तास वीज गेली तर काळजी नको, फक्त फ्रिज सारखा उघडू नका.

लांबून बसने येणाऱ्या ग्राहकांनी उन्हाळ्यात स्लॅब सकाळी न्यावी. वाटेत पिशवीत मऊ झाली तर ती वाया गेली असे नाही. पाकीट न फोडता थंड होऊ द्या. कंपाउंड पुन्हा वितळवून नेहमीसारखे वापरता येते.

काजू, शेंगदाणे किंवा दूध न चालणारे कोणी असेल तर डब्यावर घटक लिहून द्या. लहान मुलांना अख्खा काजू-दाणा घातलेला खाऊ देऊ नका, घशात अडकू शकतो. घरात कुत्रा असेल तर चॉकलेट त्याच्या तोंडाला लागू देऊ नका. कोकोतला थिओब्रोमिन हा घटक कुत्र्यांना विषारी आहे, आणि डार्कमध्ये तो जास्त असतो.

ज्या ताई-वहिनी दिवाळीत डबे करून विकतात, त्यांना एक गोष्ट कळवायची आहे. घरून विकायचे असले तरी एफएसएसएआयची, म्हणजे केंद्र सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी लागते. डब्यावर घटक, केल्याची तारीख आणि कधीपर्यंत खावे हे लिहा. कंपाउंड वापरले असेल तर तसेच लिहा, नुसते 'चॉकलेट' म्हणू नका.

स्लॅब आमच्याकडे सुटी तोडूनही मिळते, म्हणजे पहिल्या वेळी जास्त घेण्याची गरज नाही. काही बिघडले तर तो गोळा डब्यात घालून दुकानात घेऊन या. नुसत्या वर्णनापेक्षा तो बघून कारण लवकर सांगता येते.