शिष्यत्व, ख्रिस्ती (बेळगाव सीमाभाग)

येशू ख्रिस्ताला गुरू मानून त्याच्याकडून शिकत राहणे आणि शिकलेले रोजच्या व्यवहारात उतरवणे याला ख्रिस्ती परंपरेत शिष्यत्व म्हणतात. या जगण्यामागचे कारण दुसऱ्याला सांगणे म्हणजे साक्ष देणे. ही नोंद कर्नाटकातील बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी आणि दक्षिणेकडे हल्याळ-जोयडा या भागांतील मराठी भाषकांपुरती आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हा मुलूख मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला आणि ‘सीमाभाग’ हे नाव त्याला कायमचे चिकटले. येथील मराठी ख्रिस्ती माणूस दोनदा अल्पसंख्य आहे : राज्यात भाषेने आणि आपल्या भाषेच्या लोकांत धर्माने. त्यामुळे त्याची साक्ष बहुधा शेजाऱ्याच्या प्रश्नाला दिलेले उत्तर असते.

शब्द. नव्या करारातील मूळ ग्रीक शब्द ‘मथेतेस’ याचा अर्थ शिकणारा. मराठी ‘शिष्य’ या शब्दाला मात्र गुरुपरंपरेचा, अनुग्रहाचा वास आहे, आणि सीमाभागात तो दोन अंगांनी ऐकू येतो. मराठी कानाला त्यात वारकऱ्याची तुळशीची माळ दिसते. दारू सोडलेल्या ख्रिस्ती माणसाला ‘माळकरी झालास काय?’ असे विचारले जाते, आणि प्रश्न काही अगदीच चुकीचा नसतो. कन्नड कानाला लिंगदीक्षा, म्हणजे लिंगायतांचा दीक्षाविधी, आठवते. कन्नड ख्रिस्ती तर बाप्तिस्म्याला ‘दीक्षास्नान’च म्हणतात. मराठीतील ‘पवित्र शास्त्र’ कन्नडमध्ये ‘सत्यवेद’ होते आणि आपली ‘मंडळी’ तिकडे ‘सभे’ होते. (मंडळी म्हणजे चर्च, जमलेले लोक आणि घरची बायको असे तीन अर्थ मराठीत असल्याने पाळकांच्या (चर्चच्या धर्मगुरूंच्या) बोलण्यात अधूनमधून गंमत होते.) ‘सुवार्ता’ हा शब्द मात्र दोन्ही भाषांत जवळजवळ तसाच आहे. ‘साक्ष’ हा कोर्टकचेरीतला शब्द. साक्षीदाराने आपण पाहिले तेवढेच सांगायचे, वकिली करायची नाही, हा त्यातला मर्म सीमाभागातल्या जमिनीच्या खटल्यांत मुरलेल्या माणसाला वेगळा समजावून द्यावा लागत नाही.

शास्त्राधार. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अखेरीस (२८:१९-२०) येशू शिष्यांना सर्व राष्ट्रांतील लोकांना शिष्य करण्याची आज्ञा देतो. व्यासपीठावरून हेच वचन सर्वांत जास्त ऐकू येते. रोजच्या जगण्याच्या दृष्टीने मात्र दुसरी दोन वचने अधिक कामाची. लूक ९:२३ मध्ये वधस्तंभ उचलण्याला ‘दररोज’ हा शब्द जोडलेला आहे. मत्तय आणि मार्क यांच्याकडे तो नाही. आणि पेत्राचे पहिले पत्र (३:१५) सांगते, की तुमच्या आशेचे कारण जो कोणी विचारील त्याला उत्तर द्यायला तयार असा, पण ते सौम्यतेने द्या. म्हणजे विचारणारा आधी हवा. कुणी विचारावे असे आपल्या घरात, दुकानात, शेतात काय आहे, हा या वचनाचा खरा चिमटा आहे.

पूर्वपीठिका. या भागात ख्रिस्ती वस्ती दोन वाटांनी आली. पहिली गोव्याची : घाट चढून खानापूर तालुक्यात आलेली कोकणीभाषक कॅथलिक कुटुंबे. त्यांनी श्रद्धा सोबत आणली. रोझरी, संतांचे सण, दारापुढचा क्रूस हे त्यांच्या घरचेच होते. १९५३ मध्ये बेळगावचे स्वतंत्र धर्मप्रांत झाले आणि कॅम्पातील फातिमा कॅथीड्रल त्याचे मुख्य चर्च बनले. दुसरी वाट प्रॉटेस्टंट मिशनची. १८२० मध्ये जोसेफ टेलर यांनी बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीचे काम सुरू केले. पुढे विल्यम बेनन यांनी ते दीर्घकाळ चालवले आणि त्यांचे नाव शहरातील बेनन स्मिथ शाळेत उरले आहे. १९०४ मध्ये हे क्षेत्र अमेरिकन मेथॉडिस्टांकडे गेले. उत्तरेला कोल्हापुरात रॉयल वाइल्डर यांनी १८५२ पासून मिशन उभारले; ते पुढे अमेरिकन प्रेस्बिटेरियनांकडे गेले. निपाणी-चिकोडीकडच्या माणसाला ओळखीचे वाटणारे मिरजेचे वॉनलेस रुग्णालय त्याच मिशनचे, १८९४ चे. या पट्ट्यात ‘मिरजेला नेलं’ एवढे म्हटले तरी दुखणे गंभीर आहे हे कळे. औषधपाणी आणि शाळा या दोन गोष्टींतून ख्रिस्ती नाव लोकांना आधी माहीत झाले, उपदेश मागून ऐकला गेला.

मराठी ख्रिस्ती साधनेला देशी वळण देणारे नाव नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांचे. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते मानत. १९१७ मध्ये त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा दोघांनाही जागा ठेवली. मिशनच्या चौकटीत हे बसणे कठीणच होते. त्यांची भजने सीमाभागातल्या मराठी उपासनेत आजही टाळ-पेटीवर म्हटली जातात आणि भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याला ती परकी वाटत नाहीत. कन्नड बाजूला हेच काम बसवण्णांच्या परंपरेतली ‘कायक’ ही कल्पना करू शकते. कष्ट हीच पूजा मानणाऱ्या लिंगायत शेजाऱ्याला, ख्रिस्ती माणूस आपल्या हातचे काम देवासाठी करतो, हे विस्ताराने सांगावे लागत नाही. टिळकांनी तुकोबांशी बांधली तशी वाट मराठी ख्रिस्ती लेखनाने या शेजाऱ्याकडे बांधली नाही, याची खंत वाटते.

व्यवहारातील रूपे. दिवसाचा गाभा घरातली संध्याकाळची प्रार्थना : दिवेलागणीला एक गीत, शास्त्राचा एक उतारा, घरातल्या प्रत्येकाचे नाव घेऊन केलेली विनंती. आठवड्यातून एकदा कुणाच्या तरी घरी सभा भरते; तिला कोणी घरसभा म्हणते, कोणी कॉटेज मीटिंग. नवे घर, बाळाचा वाढदिवस, दुखण्यातून उठणे, मुलाची नोकरी अशा निमित्तांनी ‘प्रार्थना ठेवली आहे’ असा निरोप जातो आणि गल्लीतले लोकही येतात. मागच्या ओळीत बसतात, चहा-उप्पीट घेतात, आणि निघताना एखादी बाई हळूच म्हणते, ‘आमच्या पोरासाठीबी मागा की.’ सीमाभागातल्या साक्षीचे याहून नेमके चित्र सापडणे कठीण. बोलावले कोणी नाही, समजावले कोणी नाही. विनंती तिकडून आली.

नाताळात करंज्या, चकल्या, शंकरपाळ्यांची ताटे शेजारी जातात. खानापुराकडे त्यांत नेवऱ्या आणि दोदोल असतो. दिवाळीच्या फराळाचे ताट रिकामे परत पाठवायचे नाही, हा नियम दोन्हीकडून पाळला जातो. लग्नात मंगळसूत्र असते, त्यात क्रूस ओवलेला.

अडचण येते ती प्रसादापाशी. गणपतीत मंडळाची वर्गणी द्यावी का, आरतीनंतर पुढे आलेला मोदक घ्यावा का, गावच्या लक्ष्मीच्या जत्रेला जेवायला जावे का? बेळगावच्या खेड्यांत ही जत्रा अनेक वर्षांनी येते आणि घरटी पाहुण्यांची पंगत उठते; न जाणे म्हणजे नाते तोडणे. पौलाने करिंथच्या मंडळीला (पहिले पत्र, अध्याय ८ आणि १०) नेमके यावरच लिहिले आहे : मूर्ती म्हणजे काहीच नव्हे, तेव्हा अन्न अन्नच आहे, पण दुबळ्या भावाच्या मनाला ठेच लागत असेल तर खाऊ नका, आणि कोणी जेवायला बोलावले तर वाढलेले काही न विचारता खा, मात्र ‘हे देवाला वाहिलेले आहे’ असे कोणी सांगितले तर थांबा. युरोपातल्या वाचकाला हे अध्याय इतिहास वाटत असतील, येथे ते भाद्रपदात दरवर्षी उघडले जातात. उत्तरे एक नाहीत. कॅथलिक घरांत बहुधा सैलपणा दिसतो. पेंटेकॉस्टल मंडळ्यांत साफ नकार शिकवला जातो. जुन्या मेथॉडिस्ट घरांतला तोडगा मधला : वर्गणी गावाच्या कामासाठी म्हणून द्यायची, पंगतीला जायचे, प्रसाद हात जोडून बाजूला ठेवायचा. नकार कोणत्या सुरात दिला हे लोक वर्षानुवर्षे लक्षात ठेवतात. नकाराचे कारण त्यांना फारसे आठवत नाही.

धंद्यातले प्रश्न याहून कमी बोलले जातात. ते जास्त बोलले जावेत असे वाटते. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात खोटी हजेरी, उसाच्या वजनात मारलेला काटा, हातउसने दिलेल्या पैशावर लावलेले व्याज, घरकामाच्या बाईला वेगळा कप : शिष्यपणाची परीक्षा येथेच होते. निपाणीचा प्रश्न तर आणखी अवघड, कारण तिथला बाजार तंबाखूवर आणि अनेक घरांतली चूल विडीवर चालते. व्यसनाविरुद्ध उपदेश करणाऱ्याने विडी वळणाऱ्या बाईच्या मजुरीबद्दलही काही म्हणायला हवे.

भाषा. सरकारी कामकाज कन्नडमध्ये, घर मराठीत किंवा कोकणीत, शाळा तिसऱ्याच भाषेत अशी मुलांची स्थिती आहे. आजी मराठी शास्त्र वाचते, नातू फोनवर कन्नड किंवा इंग्रजी उतारा काढतो, आणि दोघे एकाच वचनावर आमेन म्हणतात. काही मंडळ्यांत दुभाषी उपासना होते. पाळक एक वाक्य मराठीत, एक कन्नडमध्ये बोलतो आणि उपदेश दुप्पट लांबतो. सीमाप्रश्न तापला की बाहेर फलकांवरून भांडणे होतात. अशा वेळी एका बाकावर बसून दोन भाषांत एकच गीत म्हणणे ही आपोआप दिलेली साक्ष ठरते. तरी ‘आमची उपासना आमच्या भाषेत’ हा हट्ट चर्चच्या आतही असतो, आणि मराठी माणसाला तो समजणार नाही असे नाही.

कायदा. संविधानाचे अनुच्छेद २५ सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या मर्यादेत धर्म मानण्याचा, आचरण्याचा व त्याचा प्रसार करण्याचा हक्क देते. स्टॅनिस्लॉस खटल्यात (१९७७) सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. कर्नाटकाचे धर्मांतरविरोधी विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये विधानसभेने मंजूर केले ते बेळगावच्याच सुवर्ण विधानसौधात भरलेल्या अधिवेशनात. २०२२ मध्ये त्याचा कायदा झाला : बळ, फसवणूक, आमिष किंवा लग्नाचे वचन यांतून केलेले धर्मांतर गुन्हा, आणि धर्म बदलण्याआधी ३० दिवस जिल्हाधिकाऱ्यांना सूचना. जून २०२३ मध्ये नव्या मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला. या काळात घरसभांकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. आजाऱ्याला भाकरी नेऊन देणे हे आमिष की शेजारधर्म, हा प्रश्न पूर्वी कोणाला पडत नव्हता.

दुसरा कायदेशीर पेच जुना आहे. १९५० च्या राष्ट्रपती आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा ख्रिस्ती माणसाला मिळत नाही. त्यामुळे दलित वस्तीत काही जण रविवारी चर्चला येतात आणि कागदावर जुनाच धर्म ठेवतात. त्यांना अर्धे शिष्य म्हणून हिणवणारे उपदेशक आहेत. जातीचा जाच मात्र त्यांच्या कागदावरही आहे आणि गावातही.

मतभेद. मंडळ्यांमधला सर्वांत जिवंत वाद ‘जन्माने ख्रिस्ती’ आणि ‘तारण पावलेला’ यांतला. कॅथलिक व मेथॉडिस्ट बालकांना बाप्तिस्मा देतात. पेंटेकॉस्टल गट कळत्या वयात, पाण्यात बुडवून. नवे गट पत्रके वाटतात, रोग्यांसाठी मोठ्याने प्रार्थना करतात. जुन्या घरांना ते उथळ वाटते, आणि नव्यांना जुनी घरे झोपलेली वाटतात. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये प्रापंचिकांच्या (धर्मगुरू नसलेल्या साध्या श्रद्धावंतांच्या) प्रेषितकार्यावर स्वतंत्र ठराव करून साक्ष हे फक्त पाद्र्यांचे काम नव्हे असे सांगितले; तरी खानापूरच्या एखाद्या खेड्यात अजून कोणी धर्माविषयी काही विचारले, की ‘फादरांना विचारा’ हेच उत्तर मिळते.