‘कोलेस्टेरॉलमुक्त’ तेलाविषयी खुलासा

खाद्यतेलाच्या बाटलीवर ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ असे ठळक छापलेले असले की ते तेल शेजारच्या बाटलीतील तेलापेक्षा हृदयाला अधिक मानवते, हा समज अनेक वर्षे टिकून आहे आणि ग्राहक त्यापायी जादा पैसेही मोजतात. वास्तविक कोलेस्टेरॉल हा मुख्यतः प्राण्यांच्या शरीरात तयार होणारा पदार्थ असून वनस्पतींमध्ये त्याचे प्रमाण नगण्य असते. त्यामुळे शेंगदाणा, सूर्यफूल, सोयाबीन वा मोहरी, कोणत्याही वनस्पतिजन्य तेलावर हा शिक्का मारता येतो. त्यात खोटे काही नाही, आणि विक्रेत्याची चलाखी नेमकी तिथेच आहे.

रक्तातील कोलेस्टेरॉल वाढवण्यात आहारातील संपृक्त (सॅच्युरेटेड) आणि ट्रान्स मेदाचा वाटा मोठा असतो. संपृक्त मेद सूर्यफूल तेलात साधारण १० टक्के, पामतेलात सुमारे ५० टक्के, तर खोबरेल तेलात ८० टक्क्यांहून अधिक असतो. तरीही ही तिन्ही तेले ‘कोलेस्टेरॉलमुक्त’च ठरतात. म्हणून बाटली फिरवून मागच्या पोषणतक्त्यातील संपृक्त मेदाची ओळ वाचावी. ‘लाइट’ तेलाचीही तीच गत: रंग फिका किंवा चव सौम्य असली, तरी त्याच्या १ ग्रॅममधून सुमारे ९ किलोकॅलरी मिळतातच.