दोन भाषांमुळे मुलाचं बोलणं अडत नाही
"घरात मराठी, अंगणवाडीत कन्नड, म्हणून पोर गोंधळलंय. एकच भाषा ठेवा, आपोआप बोलेल." बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर-निपाणीकडं हे कायम कानावर येतं. ते चूक आहे. स्वमग्न किंवा डाउन सिंड्रोम असलेली मुलंही दोन भाषा शिकू शकतात, हे संशोधनातून दिसलंय. "आई, नीरु दे" (नीरु म्हणजे कन्नडमध्ये पाणी) म्हणणारं लेकरू गोंधळलेलं नाही. त्याला हवं ते नेमकं मागता येतंय. मुलाला किती शब्द येतात ते मोजताना पाणी आणि नीरु दोन्ही धरा. उलट आईनं अंगाईची भाषा टाकून मोडकं कन्नड धरलं, तर मुलाच्या कानावर पडणारं बोलणंच आटतं.

दोन वर्षांचं मूल दोन शब्द जोडत नसेल, तर थांबू नका. आधी कान तपासा, मग वाचा-उपचार (स्पीच थेरपी). 2013 पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत येतं. तपासणी मोफत असते.