पहिल्या पावसाचे पाणी आणि सांजांवची उडी

दरवर्षी २४ जूनला गोव्यात सांजांव, म्हणजे संत जॉन बाप्तिस्ता यांचा सण, साजरा होतो. डोक्यावर फुलापानांचे मुकुट घातलेले तरुण वाजतगाजत वाड्यावाड्यांतून फिरतात आणि विहिरींत, तळ्यांत उड्या मारतात. मॉन्सून येथे साधारणपणे जूनच्या पहिल्या आठवड्यात पोहोचतो. म्हणजे या उड्या पडतात त्या पावसाच्या अवघ्या दोन-तीन आठवड्यांनंतर. सण आनंदाचा आहे आणि तो तसाच राहावा, म्हणूनच या दिवसांतील पाण्याविषयी थोडे सविस्तर लिहावेसे वाटते.

उन्हाळाभर जमिनीवर जनावरांचे शेण-मूत्र, उघड्यावरची घाण आणि शोषखड्ड्यांभोवतीचे सांडपाणी साचत राहते, आणि पहिल्या जोराच्या सरींसरशी ते सारे एकदम पाण्यात उतरते. त्यात गोव्याची बरीचशी जमीन जांभ्याची. जांभा सच्छिद्र आणि भेगाळ असल्यामुळे पाणी त्यातून झपाट्याने खाली जाते, आणि बारीक वाळूच्या थरात जंतू जसे अडकून राहतात तसे ते येथे अडकत नाहीत. म्हणून शौचालयाच्या खड्ड्याजवळच्या विहिरीत, तिचे पाणी कितीही नितळ दिसले तरी, उडी मारू नये. पाणी नितळ असले तर त्यात गाळ नाही, एवढेच कळते.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषानुसार, उघड्यावरील स्नानाच्या १०० मिलिलिटर पाण्यात विष्ठेतून येणाऱ्या कोलिफॉर्म जीवाणूंची संख्या ५०० पर्यंत असावी आणि २,५०० च्या पुढे जाऊ नये. यांतले बहुतेक कोलिफॉर्म स्वतः निरुपद्रवी असतात. परंतु ते सापडले की तेथवर विष्ठा पोहोचली हे कळते, आणि तिच्याबरोबर विषमज्वर, अतिसार, कावीळ यांचे जंतूही पोहोचू शकतात. पोहताना माणूस नकळत थोडे पाणी गिळतोच, आणि मुले मोठ्यांपेक्षा अधिक गिळतात.

सत्तरी, सांगे, काणकोण या तालुक्यांतील व्हाळ (ओढे) आणि धबधबे वस्तीपासून दूर असले, तरी तेथे वेगळी काळजी घ्यावी लागते. लेप्टोस्पायरा हा मळसूत्रासारखा जीवाणू उंदीर, गुरे, कुत्री यांच्या मूत्रपिंडांत राहतो, मूत्रावाटे बाहेर पडतो आणि ओल्या चिखलात व संथ गोड्या पाण्यात कित्येक आठवडे तग धरतो. जपानमधील संशोधकांनी १९१५ मध्ये तो ओळखला. त्याला पाणी गिळले जाण्याचीही गरज नसते. खरचटलेली पोटरी, पायाची भेगाळलेली टाच किंवा डोळ्यांचे नाजूक आवरण त्याला पुरते. भातशेतीत अनवाणी राबणाऱ्यांचा हा आजार, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस किंवा लेप्टो, सहलीला आलेल्यांनाही होऊ शकतो. त्यामुळे अंगावर ताजी जखम असेल तर पाण्यात उतरू नये, आणि मुसळधार पावसानंतर दोन-तीन दिवस थांबावे. घाटमाथ्यावर पाऊस झाला की, खाली आभाळ मोकळे असतानाही, व्हाळाला अचानक लोंढा येतो; पाणी गढूळ होऊन पालापाचोळा वाहू लागला तर क्षणभरही न थांबता काठावर यावे.

समुद्राविषयी थोडक्यात सांगता येईल. खारट पाणी आणि ऊन यांमुळे बरेच जंतू मरतात. पण नदीच्या मुखाजवळ पावसाळ्यात तोच समुद्र गढूळ आणि दूषित होतो. शिवाय या दिवसांत आत ओढून नेणारे प्रवाह जोरात असतात, म्हणून जीवरक्षकांचा लाल बावटा दिसला की पाण्यात जाऊ नये.

उन्हाने तापलेल्या संथ गोड्या पाण्यात नेग्लेरिया फाउलेरी हा अमीबा वाढतो. तो पोटात गेल्याने अपाय होत नाही. नाकातून मेंदूपर्यंत गेला तर मात्र आजार बहुधा प्राणघातक ठरतो. असा संसर्ग अतिशय विरळ आहे, तरीही कोमट साचलेल्या पाण्यात सूर मारू नये, तळाचा चिखल ढवळू नये आणि शक्यतो डोके पाण्याबाहेर ठेवावे.

लेप्टोची लक्षणे बहुधा पाण्यात उतरल्यानंतर ५ ते १४ दिवसांनी दिसतात, क्वचित महिनाभरानेही. तोवर सहल विस्मरणात गेलेली असते. ताप, पोटऱ्यांत असह्य दुखणे आणि लाल झालेले डोळे ही लक्षणे पावसाळ्यात डेंग्यूची वाटू शकतात, आणि उपचाराला उशीर झाल्यास मूत्रपिंडे व यकृत निकामी होऊ शकतात. प्रतिजैविके सुरुवातीलाच मिळाली तर सर्वाधिक उपयोगी पडतात. म्हणून ताप येताच डॉक्टरांकडे जावे आणि आपण कोणत्या पाण्यात, किती दिवसांपूर्वी उतरलो होतो, हे त्यांनी विचारण्याआधीच सांगावे.