चालू गाडीची बॅटरी काढून अल्टरनेटर तपासू नका

जुन्या गाडीवाल्यांना हमखास मिळणारा सल्ला म्हणजे इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर काढा, गाडी बंद पडली तर अल्टरनेटर (इंजिनच्या जोरावर बॅटरी चार्ज करणारं यंत्र) गेला. कृपा करून हे करू नका. वायर निघाली की अल्टरनेटरचा व्होल्टेज क्षणभर 100 व्होल्टच्या वर उसळू शकतो आणि त्यात अल्टरनेटरमधले डायोड, व्होल्टेज ताब्यात ठेवणारा रेग्युलेटर, ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) काहीही उडू शकतं. बरं, गाडी चालू राहिली तरी अल्टरनेटर पुरेसं चार्जिंग करतोय हे काही त्यातून कळत नाहीच.

त्यापेक्षा साधा मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं मीटर) घ्या. इंजिन बंद असताना फुल चार्ज बॅटरी साधारण 12.6 व्होल्ट दाखवते, चालू केल्यावर 13.8 ते 14.5 यायला हवं, हेडलाइट आणि ब्लोअर लावूनही 13 च्या खाली नको.

आणि बॅटरीची केबल! खरा चोर बऱ्याचदा हीच असते. वरून धडधाकट दिसते पण टर्मिनलजवळ रबर दाबलं की आत हिरवट पावडर करकरते. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह पोस्टवर, दुसरं इंजिन ब्लॉकवर धरा, कोणाला तरी स्टार्टर मारायला सांगा, 0.5 व्होल्टच्या वर गेलं तर अर्थिंगची (बॅटरीचं निगेटिव्ह इंजिनला जोडणारी) केबल किंवा तिचा जॉइंट खराब, उगाच नवा अल्टरनेटर घेऊ नका.