प्रवेशाआधी मुलाचा स्वतःचा मोबाइल नंबर आधारला जोडून घ्या

(आमच्या नोकरीपूर्व तयारीच्या वर्गात मुलाला किंवा मुलीला घालू इच्छिणाऱ्या पालकांसाठी)

वर्गात आम्ही काय शिकवतो ते तुम्हाला माहीत आहेच: बँकेची कामं, अर्ज, ईमेल, मुलाखत, पगारपत्रक वाचणं, हातात आलेला पगार महिनाभर पुरवणं. हे पत्रक काढायचं कारण वेगळं आहे. प्रत्येक बॅचचा पहिला आठवडा एकाच अडचणीत जातो. मूल अठरा-एकोणीस वर्षांचं असतं, पण त्याच्या आधारला, बँकेला आणि पॅनला वडिलांचाच नंबर असतो.

आधार काढलं तेव्हा मूल शाळेत होतं, त्यामुळे घरातल्या मोठ्यांचा नंबर दिला. तेव्हा ते बरोबरच होतं. अठरा पूर्ण झाल्यावर तो बदलायचा राहून जातो, आणि त्याचा चटका रुजू व्हायच्या दिवशी बसतो. शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यात मुलगा सकाळी कागदपत्रं घेऊन उभा असतो. पीएफसाठी बारा अंकी यूएएन (कामगाराचा पीएफचा कायमचा क्रमांक) सुरू करायचा, तर ओटीपी जातो वडिलांच्या फोनवर. वडील एसटीवर ड्यूटीला, नाहीतर शेतात. फोन लागेपर्यंत ओटीपीची वेळ संपते. मग ‘उद्या या’.

यात वेळेपेक्षा मोठं नुकसान आहे. ओटीपी कुणाला सांगू नकोस, असं आपण मुलांना बजावतो आणि घरात रोज एकमेकांना फोनवरून ओटीपी सांगतो. फोनवर ओटीपी सांगायचाच असतो, ही सवय मुलांना इथूनच लागते. उद्या बँकेच्या नावाने कुणी गोड बोलून विचारलं, तर ते मूल सहज सांगून बसेल. म्हणून आम्ही या एका मुद्द्यावर अडून बसतो.

बरेच पालक म्हणतात, ‘पोरं सारखी सिम बदलतात, माझा नंबर तरी कायमचा आहे.’ सिमची कंपनी बदलली तरी नंबर तोच ठेवता येतो, ही सोय देशभर 2011 पासून आहे. मात्र रिचार्ज न करता नंबर पडून राहिला, तर कंपनी तो काढून घेते आणि पुढे दुसऱ्या कुणाला तरी देते. तेव्हा मुलाच्या नावावर एक सिम घ्या आणि ते चालू ठेवायची जबाबदारी त्याच्यावरच टाका.

क्रम असा ठेवा: आधी सिम, मग आधार केंद्र, मग बँकेची शाखा, शेवटी पॅन. केंद्रावर गेलाच आहात तर नावही तपासा. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं, आधारवर बहुतेकांचं शेवटी. अर्ज भरणारा समोरचा कागद बघून तसंच उतरवतो, आणि बँकेत आडनावाच्या जागी वडिलांचं नाव जाऊन बसतं. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणून घाईने दुरुस्ती करू नका. शंका असेल तर आधी आम्हाला कागद दाखवा.

‘फी घेता, मग फॉर्म तुम्हीच का भरून देत नाही?’ असंही विचारलं जातं. भरून दिला तर आमचं काम दहा मिनिटांत होईल, पण मूल कोरंच राहील. बँकेच्या भेटीला पालकांनी येऊ नये, हा नियमही त्यासाठीच. पहिल्यांदा पैसे भरायची स्लिप हातात आली की मुलं खातं क्रमांकाच्या चौकटीत मोबाइल नंबर लिहितात, अक्षरी रक्कम रिकामी सोडतात. काउंटरवरून स्लिप परत येते, ती दुसरी भरतात, आणि ती चूक पुन्हा होत नाही. शेजारी आई उभी असली की स्लिप आईच भरते.

पगारपत्रकाला आम्ही दोन पूर्ण दिवस देतो. ‘अठरा हजार ठरले होते, सोळाच आले’ म्हणून नोकरी सोडून आलेली मुलं आम्ही पाहिली आहेत. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 14,000 असेल, तर 12 टक्क्यांनी 1,680 रुपये पीएफला जातात. एकूण 18,000 पगारावर ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) 0.75 टक्के, म्हणजे 135. व्यवसाय कर 200, फेब्रुवारीत 300. हातात 15,985 येतात. मुलींना महिना 25,000 पर्यंत व्यवसाय कर नाही, त्यांच्या हातात 200 जास्त पडतात. पीएफचे पैसे आपलेच असतात आणि मालकही त्यात भर घालतो, हे कळलं की मूल टिकतं.

नोकरीची हमी आम्ही देत नाही. मुलाखतीपर्यंत नेतो आणि रुजू झाल्यावर पहिल्या पगारापर्यंत अडचणीला फोन उचलतो.

दर शनिवारी सकाळी कागदपत्रं मोफत तपासून देतो, प्रवेश घेतला नाही तरी चालेल. आधार, पॅन, पासबुक, दहावीची गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला, सगळं मूळ प्रतींसह आणा. मुलाचा फोन रिचार्ज केलेला असावा, आणि बोलायचं काम त्यालाच करू द्या.